पहिलं तोंड माझं

माझी शाळा चौथीपर्यंत. पण दात असे की आमच्या चौलच्या वाडीतली सुपारी अजून दाताने फोडतो. नात दाताची डॉक्टर व्हायला निघाली तेव्हा मी म्हटलं, "बाय, घरात गिऱ्हाईक मिळायचं न्हाय तुला."

पुढे तिने आपल्या मनाने एक काम काढलं. गावात तंबाखू तव्यावर भाजून मिश्री करतात, दाताला घासतात. त्याने तोंडाचं काय होतं ते घरोघर जाऊन बघायचं. पण कॉलेजातल्या कोणी शिक्षकाने हाताखाली घेतल्याशिवाय ते करता येत नाही. एका सरांना वेळ नव्हता, दुसऱ्यांना विषय जुना वाटला. राहिल्या एक मॅडम, गावोगाव दात तपासायला जाणाऱ्या. त्याही नाही म्हणाल्या तर काम तिथेच संपलं.

मी म्हटलं, मी येतो. मागायला जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून सोललेले नारळ आणि पांढऱ्या कांद्याची माळ पिशवीत घेतली. "आजोबा, तिथे असलं चालत नाही," एसटीत ती रडकुंडीला आली. मी पिशवी सोडली नाही.

मॅडमनी पिशवी बघितली. "आजोबा, हे घेतलं तर मला हिला हो म्हणता येणार नाही. परत न्या." मग तिला विचारलं, "गावातले लोक तुला तोंड उघडून दाखवतील?"

"दाखवतील."

मॅडमची नजर माझ्या बोटावर. सकाळच्या मिश्रीने ते काळं होतं. "यांचं बघितलंस कधी?"

"ते बघू देत नाहीत, मॅडम."

"मग गाव कशाला देईल?"

मी आजवर कोणापुढे तोंड उघडलं नव्हतं. भीती न्हाय, मान होता माझा. पण पोरीचा पडलेला चेहरा बघवेना.

"खुर्ची कुठं हाय?" मी विचारलं.

तोंडात आरसा नातीनेच घातला. दातांचं कौतुक केलं नाही, उजव्या गालाशी मात्र थांबली आणि मॅडमना बोलावलं. आत पांढरा चट्टा होता. तिखट लागलं की तिथे चरचरायचं, पण ते मी घरात बोललो नव्हतो. मॅडमनी मिश्री बंद करायला सांगितली, दाखवायला येत राहा म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "सोमवारपासून ये. आधी लोकांना विचारायचं कसं, ते शिकू. आणि आजोबांना मोजणीत धरायचं नाही, ते घरचे."

हे मला पटलं न्हाय. पहिलं तोंड उघडलं मी, आणि मोजणीत मीच नाही? परतीच्या एसटीत मी तेच ऐकवत होतो. ती नारळाची पिशवी मांडीवर घेऊन हसत होती.

मिश्रीचा डबा फळीवर आहे, मी उघडत नाही. चट्टा वाढलेला नाही. सुट्टीत ती गावात फिरते तेव्हा मी पुढे असतो. शेजारचा म्हातारा ओठ मिटून बसला की मी म्हणतो, "उघड रे. मी उघडलं, तुझ्यात काय सोनं ठेवलंय?"