पोटातल्या पोराले बाधते का?

आमच्या घरी कुणी आलं, की जिजी आधी त्याचे हात हुंगायच्या, मग पाणी विचारायच्या. जावईबापूही यातून सुटले नाहीत. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. पातूरहून लग्न होऊन मी मोर्शीकडच्या या घरात आले, तेव्हा मला वाटलं, बाई जरा सटकलेलीच दिसते.

याला कारण माझा धाकटा दीर, वसंता. पोर गुणाचं, पण अंगात दम कसला तो नाही. गावात कुणी शिंकलं, की आधी वसंताची छाती भरायची. कान वाहायचा, गळू झालं की हटता हटायचं नाही. तो पोटात होता, त्या वर्षी कपाशीच्या किडीवरची पावडर नवीनच आली होती. जिजींनी ती फडक्याच्या पोटलीत भरून ओळीओळीनं झटकली, पार दिवस भरत येईपर्यंत. उरलेलं पोतं त्यांच्याच बाजेखाली. थोरल्या दोघांच्या वेळी पावडर नव्हती, आणि माझे यजमान काय, नणंद काय, दोघंही दणकट. हे जिजींच्या डोक्यातून निघेना. म्हणून येणाऱ्याच्या हाताला पावडरीचा वास येतो का, ते आधी हुंगणं.

वसंताला घेऊन त्या अमरावतीला जात, अकोल्याला जात. औषध राहायचं बाजूला, डॉक्टरला प्रश्न एकच, "पोटातल्या पोराले बाधते का ते?" एक म्हणाले, तसं काही सिद्ध झालेलं नाही. दुसरे तर हसलेच. 'नाही बाधत' असं छातीठोक कुणीच सांगेना. घरी आल्यावर जिजी घटकाभर टेकायच्या नाहीत. अंगणात येरझारा, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा नवा डॉक्टर. या बाईला आपलंच खरं करायचंय, म्हणून मी मनातून चिडायचे.

मला दिवस गेले तेव्हा पावडर मारायचे दिवस तोंडावर आले होते. जिजींनी माझी वळकटीच बांधली. "तू पातूरले जाय. कापूस निंघेपर्यंत इकडं पाय टाकू नोको."

सासरे म्हणाले, "अवो, माहेरी सातव्यात धाडतेत. आताच धाडली तं लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले मी पाहून घेतो," जिजी म्हणाल्या.

मुलगी झाली. ती दीड वर्षाची असताना गल्लीत गोवर आला. ती आणि वसंता एकदमच तापले. पोरगी आठवड्यात अंगणात दुडदुडू लागली. वसंताच्या छातीत कफ साचला, तो उन्हाळाभर बाजेवर.

"तुमचंच बरोबर होतं, जिजी," मी म्हटलं. एका पोरीवरून काही ठरत नाही, हे मलाही कळत होतं. पण त्यांना बरं वाटावं, एवढंच मनात होतं.

जिजी वसंताचं डोकं चेपत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"माहं खोटं ठरावं, म्हनूनच तं डॉक्टर बदलून राहिली होती व पोरी."