पास्त्याच्या सॉससाठी खापरखेड्याला

नळाला पाणी आलं, बादल्या भरल्या, ओटा पुसला आणि एकीपुरता चहा मांडला, तेवढ्यात शकूचा फोन आला. शकू माझी धाकटी नणंद, खापरखेड्याच्या कॉलनीत राहते.

"वहिनी, परवा नातीचा वाढदिवस हाये. चिऊले पास्ताच पाहिजे म्हणते. बाटलीतल्या सॉसनं तिचं पोट दुखते, अन् अंगणात टमाटर पिकून पडून राहिले. तुम्ही या अन् सॉस करा."

"मले कुठं येते वं?"

"वाचून शिका. एवढं वाचता ना!"

हे गेल्यापासून मी मूठभर भात लावते आणि उरलं तर रात्री तोच खाते. दहा-बारा माणसांचा अंदाज हातात उरलाय की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं. पोरीच्या वाढदिवसाला फजिती नको म्हणून नाही सांगायला दोनदा फोन उचलला आणि ठेवला. मग वाचनालयातून पाककृतींचं पुस्तक आणलं.

माझ्या घरून, नंदनवनहून, सीताबर्डीपर्यंत ऑटो, पुढे सिटी बस. जाणंयेणं स्वस्तातच होतं. थंडीत जा, तेव्हा टमाटरही गोड असतात. सकाळी लवकर निघालात तर ट्रकांच्या मागे रखडावं लागत नाही. वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या की सामान सावरायचं.

माझ्या मांडीवर घरचा मोठा गंज, म्हणजे खोल पातेलं, होता. शेजारच्या बाईला राहवेना.

"काहून वं बाई, गंज घेऊन कुठं?"

"पास्त्याचा सॉस करायले."

"म्हणजे टमाटरची चटणीच ना!"

शकूच्या अंगणात चिऊनं आणि मी टोपलंभर टमाटर तोडले. उकळत्या पाण्यात घालून काढले की सालं आपोआप सुटतात. चिऊला तो खेळच वाटला. लसूण बारीक चिरला, तेल तापवलं. पुस्तकात पुढे लिहिलं होतं, लसूण घाला. पण तेल तापलेलं दिसताच माझ्या हातानं मोहरी टाकली. तडतड झाली तेव्हा मी भानावर आले.

"वहिनी, वरण करून राहिल्या का?" शकू हसून हसून खाली बसली.

मला रडूच आलं. हे असते तर आतून "जळलं का?" असं ओरडले असते. तेल ओतून द्यायला निघाले, तर शकूनं हात धरला. "राहू द्या. फोडणी चांगली बसली."

लसूण, टमाटर, मीठ, चिमूटभर साखर. मंद आचेवर ढवळत राहिले. रस आटला, तेल कडेला सुटलं आणि घरभर वास पसरला. संध्याकाळी पोरं पंगतीला बसली. एकीनं विचारलं, "हे काळं काळं काय हाये?"

"इटलीची मोहरी," शकू गंभीरपणे म्हणाली.

चिऊनं ताट पुढे केलं. "मामीआजी, अजून!" तिच्यामागे सगळ्यांनीच ताटं पुढे केली. गंज पुरला, तळाशी राहिलेलं शकूनं आणि मी पोळीनं पुसून खाल्लं.

रात्रीच्या बसनं घरी आले. सोबत काय आलं म्हणाल, तर बोटांना लसणाचा वास आणि दुखरा खांदा. घराचं कुलूप उघडताना हे नाहीत, ते रोजच्यासारखंच जाणवलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून दोन किलो टमाटर आणले आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी शेजारणींना जेवायला बोलावलं.