साडूभाऊ आणि इजिप्तचा पहारा

माझ्या थोरल्या साडूंइतका दाराला वाहिलेला माणूस अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात सापडायचा नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी तीस वर्षं पहारा केला. निवृत्तीनंतर गेट सुटलं, पहारा सुटला नाही. कुणाच्याही घरी गेले तरी दाराजवळची खुर्ची धरायची आणि दाराकडे तोंड करून बसायचं. लग्नात सगळे मांडवात, तर हे मांडवाच्या तोंडाशी; नवऱ्या मुलाच्या मामालाही "कुणाकडचे?" असं विचारल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. एकदा मी त्यांचाच डबा घेऊन कारखान्यावर गेलो, तर मला अर्धा तास उन्हात उभं केलं. "अहो, साडू आहे मी तुमचा!" म्हटलं, तर म्हणाले, "नातं घरी. इथं पास लागतो." मग डबा उघडून तपासला आणि वर "आज भेंडी दिसते" असंही ऐकवलं.

अशा माणसाला इजिप्तचं वेड लागलं. झालं असं, की कुणी पाहुणा गेटवर इजिप्तच्या देवदेवतांचं जाडजूड सचित्र इंग्रजी पुस्तक विसरून गेला. वर्षभर त्याची वाट पाहून साडूभाऊंनी ते डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायला घेतलं. आजही त्यात त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'मालक आल्यास परत करणे.' लोकांना त्यात पिरॅमिड दिसतात, यांना दिसला तो बंदोबस्त. "राजाच्या कपाळावर सोन्याची नागीण असते ना, तो दागिना नाय," ते मला समजावीत. "ती वाजेत, उत्तरेची देवी. दक्षिणेची नेखबेत, ती गिधाडाच्या रूपात राजावर पंख धरून असते. राज्यं दोन, देवी दोन. म्हंजे दोन गेटं, दोन ड्यूट्या. आन् फणा कपाळावरच का? येणाऱ्याला आधीच कळावं, आत कुणीतरी जागं हाय!" बोलता बोलता त्यांचा हात कपाळाकडे जायचा, पूर्वी जिथं टोपीचा बिल्ला असे तिथं.

पुढं त्यांनी घराच्या फाटकावर डावीकडे नागीण आणि उजवीकडे गिधाड स्वतःच्या हातानं रंगवलं. नागीण बरी जमली. गिधाडाकडे पाहून दूधवाला म्हणाला, "काका, कोंबडी लई झकास काढली." तेव्हापासून त्या बिचाऱ्याला दूध फाटकाबाहेरूनच द्यावं लागतं. वेरूळला आम्ही सगळी लेणी पाहून परत आलो, तरी हे आपले एका द्वारपालासमोरच उभे. "एवढं काय बघताय?" मी वैतागून विचारलं. "ह्याचं उभं राहणं बघा. एवढी शेकडो वर्षं झाली, कुठं टेकला नाय."

ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, या सगळ्याला हसायच्या. "माझं मेलीचं नशीब! राजा मागितला, तर राजाचा रखवालदार मिळाला." मागच्या वर्षी ताईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. धोका मोठा आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साडूभाऊ घरी आले, पुस्तक उघडून बसले आणि सकाळी फर्मान निघालं: पलंगाच्या चार कोपऱ्यांना चार बायका पाहिजेत. इजिप्तच्या राजाला इसिस, नेफ्थिस, नेथ आणि सेरकेत या चार देवी चारी बाजूंनी राखतात, तशा. मुलगी इसिस, सून नेफ्थिस, शेजारच्या काकू नेथ. डोक्यावर विंचू वागवणारी सेरकेत माझ्या बायकोच्या वाट्याला आली.

दवाखान्याच्या दारात पहाऱ्यावरच्या बाईंनी हात आडवा केला. "एका पेशंटमागं एकच पास, काका." आता हे भांडतात की रडतात, असं आम्हाला झालं. "मी बोलून बघतो," म्हणत मी पुढं झालो, तर त्यांनी मला मागं ओढलं. "बरोबर हाय त्यांचं." पास माझ्या हातात कोंबला. "तुम्ही बसा आत. मला जमायचं नाय." आणि मग त्यांनी त्या चौघींना इमारतीच्या बाहेर चार कोपऱ्यांना बसवलं. इसिस मोठ्या फाटकाशी, नेफ्थिस औषधांच्या दुकानाच्या पायरीवर, नेथ चहाच्या टपरीजवळ आणि आमची सेरकेत स्कूटरींच्या रांगेत. पाच तास ते इमारतीला फेऱ्या घालत होते. मला वरच्या खिडकीतून दिसत होतं. प्रत्येकीपाशी थांबायचे, काहीतरी विचारायचे, पुढं निघायचे. "दाजी, ऊन लागतंय हो," असं बायको म्हणाली, तेव्हा स्वतःची टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली म्हणे.

ताई वाचल्या. मी खाली धावत येऊन सांगितलं, तेव्हा साडूभाऊ त्या पहाऱ्यावरच्या बाईंना आधी कडक सलाम ठोकून आले आणि मग भिंतीला टेकले. त्यांना टेकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

महिन्याभरानं त्यांच्या घरी बसलो असताना मी ते पुस्तक चाळलं. चार देवींचं चित्र सापडलं. चौघी होत्या खऱ्या, पण पलंगाभोवती नव्हे. राजाच्या शवपेटीच्या चार कोपऱ्यांवर पंख पसरून उभ्या होत्या. मी हळूच ते पान साडूभाऊंपुढं धरलं. "हे वाचायचं राहिलं वाटतं?"

त्यांनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. "वाचलं होतं. लई येळा वाचलं होतं." मग आवाज अगदी खाली आणला. "गेलीच असती, तर वाटंत एकटी नको पडायला. मला कुठवर सोडलं असतं तिच्यासंगं? कुणाला सांगू नका."

तुम्हाला सांगितलं, ते आपल्यातच ठेवा. ताई आता बऱ्या आहेत, हिंडतात, फिरतात, नवऱ्याला पूर्वीसारखंच बोलतात. परवा दोघं आमच्याकडे जेवायला आले, म्हणून दाराजवळची खुर्ची मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. साडूभाऊ नेमके तिच्यावरच बसले. पण बसण्याआधी त्यांनी खुर्ची फिरवून घेतली, आणि जेवण होईपर्यंत दाराकडे पाठ करून, ताईंकडे तोंड करून बसले.