मोर्शी रस्त्यावरचं वळण
संत्र्याच्या सालीचा झोंबरा वास आला की मला मोर्शीचा रस्ता आठवतो. इंग्रजांचा अंमल होता. आठेक वर्षांची मी, आत्यासोबत बैलबंडीतल्या संत्र्यांच्या ढिगावर बसून अमरावतीच्या बाजाराला निघाले होते. ओढ्याजवळच्या वळणावर मागून प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीने भोंगा वाजवला, बैल बुजले आणि बंडी आमच्यासकट नालीत कलंडली. लागलं कुणालाच नाही, पण संत्री रस्ताभर घरंगळली. "दर बाजाराले इथंच बंडी पडते! काहून भोंगा वाजवून राहिला तू?" आत्या ड्रायव्हरवर कडाडली. "लोकं बाजूले व्हावे म्हणून, मावशी." "लोकं होतेत बापा, बैलाले काय समजते?" तो खजील होऊन हसला आणि प्रवाशांसह संत्री वेचू लागला. आत्याने प्रत्येकाच्या हातावर एकेक संत्रं ठेवलं. पुढच्या बाजाराला मोटार वळणाअलीकडेच मुकाट थांबली. ड्रायव्हरने उतरून आमच्या बैलाची वेसण धरली आणि बंडी स्वतः वळणापार नेली. मोटारीतले एक वकील उशिराबद्दल कुरकुरले, तर ड्रायव्हर म्हणाला, "मंग तुमी हाका बंडी, वकीलसाहेब!" आत्या पोट धरून हसली. पुढे मी मोटार शिकायला बसले, तेव्हा शिकवणाऱ्याला पहिला प्रश्न केला, ही थांबवायची कशी?