साडूभाऊंचा बेलभंडारा

पवनचक्कीच्या कंपनीत नोकरी करून घरात कंदील लावणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाला, आणि तो नेमका आमचा थोरला साडू निघाला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या आणि सांगलीत विश्रामबागेच्या कचेरीत साडूभाऊ त्या कंपनीचे जनसंपर्क अधिकारी होते. कंपनीच्या मालकांनी परदेशातल्या कुठल्याशा परिषदेत शाश्वत विकासाच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. ती सही चौकटीत घालून कचेरीत टांगली होती, आणि तिला दमट हवा लागू नये म्हणून तिथलं एअरकंडिशन दिवसरात्र चालू असे. बाकी सगळे त्या चौकटीखाली बसून चहा पीत. साडूभाऊंनी मात्र जाहीरनामा वाचला, आणि तिथंच घात झाला.

मुळात हा माणूस छापील अक्षरावर विश्वास ठेवणारा. औषधाच्या बाटलीवर ‘हलवून घ्या’ लिहिलेलं असलं तर घेतल्यावर स्वतःही थोडा हलणारा. ‘पुढील पिढ्यांचा विचार करावा’ असं वाचल्यापासून ते तांब्याभर पाण्यात अंघोळ करू लागले. ती करताना ते इतका विचार करत की पुढच्या पिढ्या, म्हणजे त्यांच्या दोन मुली, कॉलेजला उशीर होतो म्हणून न्हाणीघराचं दार बडवत. लग्नाच्या हॉलात रिकाम्या खुर्च्यांवरचे पंखे ते स्वतः फिरून बंद करत. एका लग्नात त्या नादात त्यांनी वरपित्याच्या डोक्यावरचाही केला. “बसलेत खरे, पण घाम कुठं आलाय?” असा त्यांचा खुलासा होता.

एकदा जाहीरनाम्याचं मराठी भाषांतर घेऊन ते पठारावरच्या एका वाडीत गेले. वाडीच्या डोक्यावर पवनचक्क्या गरगरत होत्या, त्यांची वीज तारांवरून खाली सगळीकडे जात होती आणि वाडीत मात्र रॉकेलच्या चिमण्या जळत होत्या. साडूभाऊंनी देवळासमोर तासभर वाचन केलं. मग वाडीचे म्हातारे कारभारी म्हणाले, “आवं सायेब, समदं लय ग्वाड हाय. पन आमच्यात दिवा कवा लागंल?”

“लवकरच! कंपनीची बांधिलकी आहे.”

“मग उचला की बेलभंडारा.”

देवापुढचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द आपल्याकडे मोडत नाहीत. दुसरा अधिकारी असता तर त्याला तेवढ्यात जीपची आठवण झाली असती. साडूभाऊंनी उचलला, आणि भरात येऊन पदरचंही घातलं: वाडीत दिवा लागेपर्यंत माझ्या घरात विजेचा दिवा लागणार नाही. एवढं कुणी मागितलंही नव्हतं.

कंपनीच्या साहेबांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “अहो, आपली बांधिलकी जागतिक आहे. तुमची वाडी त्यात कुठं बसते?” साडूभाऊंनी अगदी मनापासून विचारलं, “साहेब, वाडी जगात येत नाही का?” साहेबांनी हा विषय पुढच्या बैठकीत ठेवला, आणि तो तिथंच राहिला.

विश्रामबागेतल्या त्या घरात कंदील आला. शब्द दिव्यापुरता होता, म्हणून मिक्सर चालू राहिला. फ्रीज चालला, पण आतला बल्ब काढला गेला आणि आमच्या मेहुणीबाई, म्हणजे अक्का, कंदील धरून फ्रीजमध्ये दही शोधू लागल्या. टीव्ही हा दिवा आहे की नाही यावर साडूभाऊंनी आठवडाभर विचार केला आणि त्यावर चादर टाकली. आम्ही क्रिकेटची मॅच चादरीकडे बघून ऐकत असू. “ह्यांच्याबरोबर सात जन्म मागितलेत,” अक्का म्हणायच्या, “पण दिसायला नकोत का?”

मग परदेशी पाहुणे बांधिलकी बघायला आले. कंपनीचा अधिकारी कंदिलाच्या उजेडात जेवतो हे पाहून त्यांना गहिवरून आलं. साडूभाऊंचा कंदिलासकट फोटो गुळगुळीत कागदावर छापला गेला. तेव्हापासून वाडीच्या दिव्याचं नावच निघेना. उजळलेल्या वाडीपेक्षा हे अंधारं घर कंपनीला जास्त उपयोगी पडत होतं. हे कळल्यावरही साडूभाऊ रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसतच राहिले. मला त्यांची कीव आली आणि त्या कंपनीचा मनस्वी राग आला.

थोरलीचं लग्न ठरलं, आणि दारात दिव्यांची माळ लागणार नाही म्हणून अक्का प्रथमच रडल्या. ही बातमी पठारावर कशी पोचली देव जाणे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कारभारी फडक्यात भंडारा बांधून दारात उभे.

“सायेब, सबूद तुमी दिला, घ्येतला आमी. घेनाऱ्यानं सोडला की सुटला.”

“वाडीत दिवा लागला का?”

“न्हाई. पन आमच्यापायी पोरीचं लगीन अंधारात व्हावं, ह्ये द्येवालाबी बरं दिसंना. आमास्नी सवय हाय.”

त्यांनी साडूभाऊंच्या कपाळाला भंडारा लावला, भिंतीशी गेले आणि “ह्येच का बटन?” म्हणत आपल्या हातानं दाबलं. लख्ख उजेड पडला. कंदिलाच्या उजेडात हे आमच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. साडूभाऊ केवढे म्हातारे झाले होते! कारभारी वर बघत हसत होते आणि साडूभाऊ त्यांचा हात धरून लहान मुलासारखे रडत होते.

पुढं काही वर्षांनी वाडीत दिवा आला, तोही सरकारी खांबावरून. तोवर कारभारी राहिले नव्हते. साडूभाऊ निवृत्त झाले होते. तरी एकटेच एसटीनं जाऊन तो दिवा बघून आले. कसा आहे, म्हणून मी विचारलं.

“चांगला आहे,” ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, “उशीर झाला हो.”