खडूने काढलेले घर

माजलगावातले ते दुकानदार गिऱ्हाइकाला आधी राउटर दाखवत नाहीत. हाती खडू देऊन काउंटरवर स्वतःचे घर काढायला लावतात. मग डोळे मिटून त्या रेषांवरून बोट फिरवतात, जणू गिऱ्हाइकाच्या घरातून अनवाणी हिंडून येतात.

कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीचा ऑनलाइन गेमचा सामना ऐन रंगात असताना मी रागाने राउटर आपटून फोडला होता. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. म्हणून हे सारे सांगून मी दुकानदारांकडे सर्वांत महागडा राउटर मागितला.

“सर, कावून घाई करता? लई शिंगं असली म्हणून भिंत फुटत न्हाई,” अँटेनांकडे पाहत ते हसले. मग डोळे मिटून मी काढलेल्या घरावरून फिरवलेले त्यांचे बोट मुलीच्या खोलीत येऊन थांबले. “खेळ अडकू नये तर वायर तिच्या टेबलापर्यंत न्यावी लागन. लेक बसती कुठं? खिडकीकडं का दाराकडं?”

मी टेबल खिडकीजवळ काढले, पुसले, मग दाराजवळ काढले. त्या खोलीत मी केवळ रागवायला जात आलो होतो.

त्यांनी डोळे उघडले, राउटर फळीवर परत ठेवला आणि खडू माझ्याकडे सरकवला. “तिलाच इचारून या.”

त्या संध्याकाळी खडू मुठीत धरून मी तिचे दार वाजवले, आणि आतून उत्तर येईपर्यंत प्रथमच बाहेर थांबलो.