पोटाशी बोलणारी राणी

माझे पती दशावतारात स्त्रीपार्ट करतात. आमच्या भागात एवढं सांगितलं की पुरतं. बाहेरच्यांसाठी सांगायचं तर, या नाटकांत राणी आणि देवी पुरुषच होतात. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली असते आणि बोलणं समोरच्याच्या बोलण्यावरून सुचत जातं. घरी मालवणी बोलणारा माणूस तिथे भारदस्त, जुन्या वळणाची मराठी बोलतो.

मी वेंगुर्ल्यात एका स्थानिक दैनिकात बातम्या संपादित करते. गर्भसंस्कारांच्या जाहिराती आमच्याच पानांवर छापून येत असल्याने त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी मात्र साधीच गोष्ट सांगितली. बाळाला आता ऐकू येतं. आईबापांनी बोलावं, गावं.

घरी आल्यावर पती माझ्याजवळ बसले, पोटाकडे बघून म्हणाले, "काय रे, बरा मा?" आणि थांबले.

"फुडे?" मी विचारलं.

"फुडे काय? समोरच्यान काय तरी बोलूक नको?"

काही दिवस याच्या पुढे गाडी गेली नाही. मग एका संध्याकाळी जत्रेला निघण्याआधी त्यांनी राणीचा आवाज लावला. वरच्या पट्टीतला, सावकाश, शेवटाला किंचित कापणारा. "बाळा, काल कणकवलीच्या वाटेवर आमच्या रथाचे चाक निकामी जाहले. महाराज स्वतः खाली उतरून जॅक लावीत होते." रथ म्हणजे नाटक कंपनीचा टेम्पो आणि महाराज म्हणजे राजपार्ट करणारे कंपनीचे मालक. वृत्तांत संपल्यावर गुडघ्यावर बोटांनी मृदंगाचा ठेका धरून त्यांनी एक पद म्हटलं. पोटात हालचाल झाली. ती पदामुळे झाली की नुकत्याच घेतलेल्या पेजेमुळे, ते सांगता येणार नाही.

सासूबाई अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "अरे, पोराक बापाशीचो आवाज आयकव. ह्या बायलेचो कित्याक? जन्माक इल्यावर दोन आवशी शोधीत बसतला."

दोन आयांच्या कल्पनेने मी हसले. पती हसले नाहीत. रात्रभर लोक ज्या राणीसाठी जागतात, तिच्यावरून दिवसा त्यांना चिडवलं जातं, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. त्या आठवड्यात त्यांनी मला सांगितलं की पुढच्या हंगामापासून ते मालकांकडे राजपार्ट मागणार आहेत. "पोराक शाळेत कोण म्हणाक नको, तुझो बापूस साडी नेसता."

मला ते पटलं नाही आणि तसं मी म्हटलं. पण काम त्यांचं होतं, निर्णयही त्यांचाच. बाळंतपणापर्यंत रोज संध्याकाळी राणीच बोलत राहिली, कारण बापाला अजूनही काही सुचत नव्हतं.

मुलगी झाली त्या दिवशी ते देवगडच्या पलीकडे होते. सकाळी टेम्पोतून उतरून थेट दवाखान्यात आले. कानामागे राणीचा पिवळा रंग तसाच होता. मुलगी रडत होती. दूध पाजून झालं होतं, दुपटं कोरडं होतं, नर्सनेही प्रयत्न करून पाहिला होता. त्यांनी तिला उचललं. "रडा नको गो बाय, मी इलंय." रडणं वाढलं. ते बोलत राहिले, आवाज खाली जात राहिला, आणि शेवटी त्यांनी तिला माझ्याकडे दिलं.

सासूबाई म्हणाल्या, "आता बघतस काय मेल्या? काढ ती तुझी राणी."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. इतर खाटांवर बाया होत्या, त्यांना भेटायला आलेले पुरुष होते. मग ते वाकले आणि तो आवाज लावला. "बाळे, इतका आक्रोश कशासाठी? कोणी अपमान केला तुझा?"

रडणं तुटलं, पुन्हा सुरू झालं आणि थांबलं. तिने डोळे उघडले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. राणी बोलतच राहिली. कोणी हसलं नाही.

एका प्रसंगावर बातमी करू नये, हे मला शिकवलेलं आहे. म्हणून पुढचे महिने मी लक्ष ठेवलं. कधी राणीचंही काही चाललं नाही. हळूहळू बापाचा साधा आवाजही मुलगी ओळखू लागली. पण ती फारच बिथरली, तर सासूबाईच आतून ओरडत, "राणीक बोलव रे!"

दिवाळीच्या सुमारास मालकांचा फोन आला. राजपार्ट द्यायला ते तयार होते.

"नको," पती म्हणाले. "माका स्त्रीपार्टच ऱ्हवांदे."

"कित्याक रे? बायलेन सांगल्यान?" मालकांचा आवाज मलाही ऐकू आला.

"नाय," पती मुलीकडे बघून म्हणाले. "चेडवान सांगल्यान."

हंगामातला पहिला प्रयोग संध्याकाळचा होता. देवळासमोर मुलीला मांडीवर घेऊन सासूबाई आणि मी चटईवर बसलो. राणी आली, पदर सावरून उभी राहिली आणि बोलू लागली. मुलीचे हातपाय थांबले, मान तिकडे वळली. मी त्यांचे कितीतरी प्रयोग पाहिले आहेत. त्या संध्याकाळी मला त्यांच्याविषयी जो अभिमान वाटला, तो आधी कधी वाटला नव्हता.

पलीकडे बसलेल्या परगावच्या बाईने सासूबाईंना कोपराने ढोसलं आणि राणीकडे बोट दाखवलं. "ही खंयची गो? आता बायकांका पण कामाक घेतत काय?"

"बायल न्हय ती," सासूबाई पुढे सरकून, चार जणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "झील माझो तो. आणि ह्या तेचा चेडू."